लॉक सुटायची जागा

बुद्धघोष लोंढे हा बारामती एमआयडीसीतला नावाजलेला वायरमन, आणि त्याला गाडी चालवता येत नव्हती. ट्रक असो, ट्रॅक्टर असो, वायरिंग तो डोळे झाकून करायचा. पण काम झाल्यावर गाडी दोन हात मागंपुढं घ्यायची वेळ आली की शेडमधून हाक यायची, "बिरूभाऊ, जरा बसा वं हिच्यात." त्याच्या शेडला लागून माझं कुशनचं दुकान. रेक्झिन शिवता शिवता मी दाभण टाकून उठायचो, तोंडानं शिव्या चालू ठेवून. शिव्या त्याला नव्हत्या, माझ्या गुडघ्यांना होत्या.

नवखं गिऱ्हाईक हसायचं. "मिस्त्री, अजून गाडी येत नाही होय?" म्हणायचं. त्या गिऱ्हाइकाला मी कुशनच्या कामाची पंधरा दिवस पुढची तारीख द्यायचो, कारण मला त्याचा राग यायचा.

बुद्धघोषचा बाप गंगाराम हा कळसच्या एका मोठ्या बागायतदाराकडं ड्रायव्हर होता. त्या बागायतदारांना सगळे आबासाहेब म्हणत. आबांकडं बासष्ट सालची अमेरिकन इम्पाला गाडी होती, नावेएवढी लांब, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या सालात, भर दुपारी, कळसहून बारामतीकडं येताना ती गाडी वळणावर वळलीच नाही, सरळ चिंचेच्या झाडावर गेली. आबा मागं बसले होते, ते हात मोडून वाचले. गंगाराम थोडा वेळ जिवंत होता. आबांनी पुढं सगळ्या तालुक्याला सांगितलं, "त्यानं मरताना स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, बिरेक लावला न्हाय म्हणून." रस्त्यावर टायर घासल्याची खूणही नव्हती. झालं, ड्रायव्हरचा डोळा लागला असं ठरून गेलं.

बुद्धघोष तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याला बापासारखं, त्याच्या आप्पांसारखं, ड्रायव्हरच व्हायचं होतं. पण 'झोपणाऱ्याचा पोरगा' म्हणून कुणी त्याच्या हातात स्टिअरिंग दिलं नाही, आणि पुढं द्यायला लागले तेव्हा त्यानंच घेतलं नाही. तो वायरींकडं वळला. एवढंच नाही, तर या माणसाला मी कधी दुपारी झोपलेला पाहिला नाही. उन्हाळ्यात जेवणं झाली की आख्खी एमआयडीसी पत्र्याखाली आडवी होते, मीही होतो. बुद्धघोष तेवढ्यात दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावायचा, कुणाचा तरी हॉर्न खोलून बसायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "मर्दा, पड की जरा! तुझ्यामुळं आमाला लाज वाटती झोपायची." तो हसला, पण पडला नाही.

त्याची आई तुळसामावशी. तिच्यासमोर कुणी 'झोप' हा शब्द काढायचं नाही, एवढंच तिचं दुखणं मला ठाऊक होतं.

अशात शहाण्णव साली आबांचा मुलगा ऋषिराज बुद्धघोषच्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला. आबा वारले होते. वाड्यामागच्या गोठ्यात ताडपत्रीखाली पडलेली इम्पाला त्याला पुन्हा रस्त्यावर आणायची होती. पत्र्याचं काम झालं होतं, इंजिन झालं होतं. जुना दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मात्र मेला होता, म्हणून त्यानं अमेरिकेतल्या मित्राकडून मोडीतल्या गाडीचा चार गिअरचा नवीन प्रकारचा बॉक्स बोटीनं मागवला होता. गॅरेजच्या मिस्त्रींनी तो बसवला. वायर मात्र कुणाला जोडता येईना, आणि सगळ्यांनी नाव एकच सांगितलं.

मला वाटलं बुद्धघोष त्याला हाकलून देईल. मी तर टाचणी लावायची सोडून ऐकतच राहिलो. बुद्धघोष गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "करतो. यंत्र हाय दादा, यंत्राचा काय दोष?"

त्या संध्याकाळी त्यानं हे घरी सांगितलं. तुळसामावशी भाकरी थापायची थांबली म्हणे. म्हणाली, "बोलत आसंल ती गाडी, तर इचार तिला. तुझा बाप खरंच झोपला व्हता का ते इचार." बुद्धघोषनं मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, खाली बघून. तो पुढं म्हणाला, "आई अशी कधी बोलत न्हाय, बिरूभाऊ."

आता हे काम काय होतं ते त्यानं मला समजावलं तसं सांगतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून नसतात. मधे तेलानं भरलेला एक बंद डबा असतो, इंजिन तेल ढवळतं आणि ढवळलेलं तेल पुढचं फिरवतं. तेल घसरतं, त्यात पेट्रोल जातं. नव्या बॉक्समधे गाडीनं वेग घेतला की आतली एक चकती दोन्ही बाजूंना घट्ट जोडून टाकते. हे लॉक. ते लागायला एका कॉइलला बॅटरीचा करंट द्यावा लागतो. पण ब्रेक दाबला की ते त्याच क्षणी सुटलं पाहिजे, नाहीतर चाकांबरोबर इंजिनही थांबतं. म्हणून करंटची वायर ब्रेकच्या स्विचमार्फत घ्यायची.

त्यानं डॅशबोर्डखाली दोन बारके दिवे लावले. लॉक लागलं की हिरवा. ब्रेकचं पेडल हललं की लाल, आणि लाल लागला की हिरवा विझणार. पहिल्या दिवशी आमच्या बुद्धघोषसाहेबांनी वायर उलटी जोडली. ऋषिराजनं फाटकापाशी ब्रेक दाबला, तेव्हाच लॉक लागलं, आणि गाडी आचका देऊन मेली. मी मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर जवळजवळ जाऊनच पडलो. "व्वा मिस्त्री," मी म्हणालो, "चाळीस रुपये वाराचं रेक्झिन माझ्याच नाकानं फाडायचं ठरवलंस काय!" तो कान पकडून हसला आणि मधे करंट उलटवणारा एक रिले टाकून सगळं सरळ करून दिलं. मग ट्रायल घ्यायला आम्ही तिघं कळसपर्यंत जाऊन आलो.

ऋषिराज चालवत होता. पुढची सीट एकसंध, सोफ्यासारखी. उजवीकडं बुद्धघोष दिव्यांवर नजर ठेवून. मी मागं, कारण सीटच्या स्प्रिंगा कुरकुरतात का ते मला ऐकायचं होतं. जाताना हिरवा दिवा लागला तो लागलाच, आणि बुद्धघोष खूश होऊन म्हणत होता, "लागलंय. लागलंय."

मी म्हणालो, "आरं असं म्हणू नको, रानात कुणी ऐकलं तर मांत्रिक बोलवील." तो अशा गोष्टींवर तुटून पडायचा. धर्मांतरानंतर वस्तीत जन्मलेलं पहिलं मूल तो. बापानं देव्हारा रिकामा करून पोराचं नाव ठेवलं होतं. लागीर, बाधा, उतारा हे शब्द त्याच्यासमोर काढले की अर्धा तास भाषण. मी बिरोबाचा भक्त, मी मुद्दाम काढायचो.

परतताना बाराचा सुमार. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दोन्ही बाजूंना उसाची पानं अगदी स्तब्ध. पुढं ते वळण आलं. चिंच कधीच तोडली होती, बुंधा तेवढा राहिला होता. वळणाच्या बरंच अलीकडं हिरवा दिवा विझला आणि लाल लागला. इंजिनाचा आवाज हलका चढला. वळण गेलं, लाल विझला, हिरवा पुन्हा लागला.

"ब्रेक मारला का दादा?" बुद्धघोषनं विचारलं.

"नाही. पाय ॲक्सिलरेटरवर आहे. का?"

"सुटलं व्हतं."

शेडवर येऊन त्यानं स्विच बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. जाताना काही नाही. येताना, त्याच जागी, लाल. रस्त्याला खड्डा असेल म्हणून तो उतरून चालत गेला. रस्ता नवा डांबरी, गुळगुळीत. त्यानं ऋषिराजला तिथून सावकाश जायला लावलं, जोरात जायला लावलं. कळसकडं जाताना कधीच नाही, बारामतीकडं येताना दर वेळी. सकाळी जाऊन पाहिलं, तेव्हा नाही. दुपारी पुन्हा.

मी जे पाहिलं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. ती सीट मी नव्यानं भरली होती, काथ्या आणि वर फोम. माणूस सीटवर कसा बसतो हे मी खळग्यावरून सांगतो, माझा धंदाच तो. ऋषिराज सडपातळ, बुडाखाली सीट जेमतेम दबायची. पण त्या फेरीनंतर ड्रायव्हरच्या बाजूला पाठीचा फोम खोल आत गेलेला असायचा, कमरेच्या जरा वर. एवढी पाठ सीटमधे कधी रुतते? पाय पुढं रोवून माणूस सगळा जोर लावतो तेव्हा. मी फोम थापटून वर आणायचो. दुसऱ्या दुपारी पुन्हा तसाच. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. त्या सीटकडं पाठ करून मला काम करवेना.

ऋषिराजही घाबरला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बिरदेव, वळणावर नारळ, कोंबडं देऊन टाकू. गंगारामच्या नावानं. तुम्ही लोंढेंना समजवा."

मी काय समजावणार? पण बुद्धघोषनं ऐकलं होतं. त्याला इतका भडकलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "माझ्या बापाच्या नावानं कोंबडं कापायचं न्हाय!" तो म्हणाला. "जिता आस्ताना त्येनं देव्हारा बाहीर काढला, आन् मेल्यावर तुमी त्येला भूत करताय व्हय? आदी झोपाळू केला, आता भूत. वायरीत दोष आसंल तर माझा हाय. मी काढीन हुडकून."

मला तेव्हा त्याची दया आली. कारण त्याला कळत होतं आणि मलाही कळत होतं, की ते भूत मानलं तर त्याचा बाप त्या जागी ब्रेक दाबतोय. म्हणजे तो झोपला नव्हता. जे आईला हवं होतं, ते एका कोंबड्यात मिळत होतं. आणि ते घेतलं असतं तर बापानं ज्यासाठी देव्हारा काढला ते सगळं मातीत गेलं असतं.

शेवटच्या फेरीला तो सीटवर बसलाच नाही. टॉर्च हातात घेऊन ऋषिराजच्या पायांपाशी वाकून शिरला, डोकं डॅशबोर्डखाली, तोंड पेडलांकडं. "मी दिव्याकडं न्हाय बघणार," म्हणाला. "मी पेडलाकडं बघणार. बिरूभाऊ, तुमी दिवं बघा."

कळसहून निघालो. हिरवा लागला. ऊन असं की बॉनेटवर हवा थरथरत होती. ऋषिराजचे ओठ हलत होते, कुठल्या तरी देवाचं नाव असावं. मी बिरोबाला हाक मारून ठेवली. चिंचेचा बुंधा दिसू लागला आणि माझ्या पुढ्यातली सीट करकरली. मी शिवलेली शिवण मला ओळखू येते. ती ताणली गेली. लाल लागला.

खाली बुद्धघोषच्या हातातल्या टॉर्चचा उजेड हलायचा थांबला.

वळण पार झाल्यावर तो म्हणाला, "थांबवा." गाडी थांबली. तो बाहेर आला. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. मी शेजारी बसलो. विचारलं, "काय रं?"

"पेडल गेलं खाली. बोटभर."

"कुणी दाबलं?"

"दादांचा पाय पलीकडं व्हता. मी बघितलं तेवढं सांगतो, त्याच्या म्होरं इचारू नका." मग म्हणाला, "पण बिरूभाऊ, पेडलाची दांडी वाकलीया. पार वाकलीया."

त्यानं तिथंच रस्त्यात पाने काढले. गॅरेजच्या मिस्त्रींनी ब्रेकचं बाकी सगळं नवं टाकलं होतं. जुन्या ब्रेकमधला, पाय दिला की तेल ढकलणारा दट्ट्या गंजून जाम निघाला होता, पण इतकी वर्षं पडून असलेल्या गाडीत तो जाम असणारच, म्हणून कुणी त्यावर विचार केला नव्हता. पेडल मात्र चालतंय म्हणून जुनंच राहिलं होतं. बुद्धघोषनं ते काढून उन्हात धरलं. अंगठ्याएवढ्या जाडीची पोलादी दांडी, पुढं आणि एका अंगाला वाकलेली. हातानं वाकवायचं काम नव्हे. त्या झाडावर गाडी आदळली तेव्हा एका माणसाचं सगळं अंग त्या दांडीवर होतं.

"झोपलेल्या माणसाचा पाय हितं नसतो," तो म्हणाला.

ऋषिराज दांडीकडं बघत उभा होता. "पण आबांनी स्वतः ऐकलं होतं," तो म्हणाला. "लावला नाही, असं तो म्हणाला."

"लावला न्हाय, का लागला न्हाय?"

ऋषिराजनं दांडीवरची नजर काढून त्याच्याकडं पाहिलं.

"माझा बाप ड्रायव्हर व्हता, दादा. दट्ट्या जाम झाल्यावर ड्रायव्हर काय म्हंतो? मी पाय देतूय, पर बिरेक लागला न्हाय. लागला. एका अक्षरावर माझ्या आईनं आख्खी हयात काढली."

ऋषिराजनं बुद्धघोषच्या खांद्याला हात लावायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. आबांनी चुकून ऐकलं, की ऐकायचं होतं तेवढंच ऐकलं, हे त्यालाही आता कुणी सांगणार नव्हतं. "मी येतो घरी," तो म्हणाला. "मावशींना मी सांगतो."

"तुमी नगा," बुद्धघोष म्हणाला. "आज नगा. उद्या या, समद्या वस्तीसमोर या आन् मोठ्यानं सांगा."

पुढचं आधी सांगून टाकतो. तो आला, आणि वस्तीसमोर मोठ्यानं बोलला, हे त्याच्या पदरात घातलंच पाहिजे. बुद्धघोषनं दुसरं पेडल बसवलं. त्यानंतर ती गाडी त्या वळणावरून कितीतरी दुपारी गेली, हिरवा दिवा एकदाही विझला नाही. वाकलेल्या दांडीमुळं स्विच मधेच उठत होता, असं बुद्धघोष गिऱ्हाइकांना सांगायचा. मी विचारलं, "मग त्याच जागी का? येतानाच का? दुपारीच का?" तर तो माझ्याकडं बघायचा आणि पाना उचलायचा. सीटचा फोमही परत कधी आत गेला नाही. तो जात होता तेव्हाच्यापेक्षा जायचा थांबला तेव्हा मला जास्त भीती वाटली, का ते मला सांगता येत नाही.

त्या दुपारी मात्र गाडी ऋषिराजपाशी तिथंच सोडून आम्ही दोघं पेडल फडक्यात गुंडाळून बुद्धघोषच्या घरी गेलो. तुळसामावशी दारात शेंगा फोडत बसली होती. बुद्धघोषनं फडकं सोडून ते लोखंड तिच्यासमोर ठेवलं.

"काय ह्ये?"

"गाडीचं बिरेकचं पेडल. आप्पा जी चालवीत त्या गाडीचं." मग त्यानं सांगितलं. दट्ट्या जाम होता. आप्पांनी पाय दिला होता, पण ब्रेक लागला नाही. लागला नाही, असंच ते म्हणाले. झोपले नव्हते. सांगताना तो एखाद्या पोरासारखा अडखळत होता.

मला वाटलं ती रडेल, किंवा आबांच्या नावानं बोटं मोडेल. मी तर मनात मोडून मोकळा झालो होतो. तिनं सूप बाजूला सारलं, ते पेडल मांडीवर घेतलं आणि वाकलेल्या जागी अंगठा ठेवला.

"आसं वाकाय किती जोर लागतुया रं?"

"लई, आई. आख्ख्या अंगाचा."

ती तळहातानं ते लोखंड दाबत राहिली, कामावरून आलेल्या माणसाचा पाय चेपावा तसं, वरून खाली, पुन्हा वरून खाली. आम्ही दोघं समोर आहोत हे ती विसरली होती.

"लई दुखला आसंल वं," ती म्हणाली. "लई दुखला आसंल पाय तुमचा."